न्हाणीघराचा पाइप

माझे दोन्ही मुलगे बहिरे नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. थोरल्याचं मोटारींचं गॅरेज आहे. गाडी फाटकातून आत येते न येते तोच हा नुसत्या आवाजावरून सांगतो, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. धाकटा शाळेत गणित शिकवतो. फळ्याकडे तोंड करून उभा असला तरी शेवटच्या बाकावर कोण काय पुटपुटलं ते त्याला कळतं, आणि पोरं त्याला टरकून असतात ती त्यामुळेच. असे हे दोन तिखट कानांचे. आणि दोघांनी माझ्या तोंडावर सांगितलं की आई, तू न्हाणीघरात पडून पाइप वाजवत होतीस, ते आम्हाला ऐकूच आलं नाही.

ऐकू आलं नाही. बरं.

आमचं घर तीन मजली आहे, अरुंद, उंच, रस्त्याला चिकटलेलं. खाली थोरला आणि थोरली, वर धाकटा आणि धाकटी, आणि मधे मी एकटी. नातवंडं शिकायला परगावी गेली, त्यामुळे घरात आता सगळे मोठेच. म्हणजे केस पिकलेले, अक्कल कुठवर आली ते पुढे कळेलच. आमचे हे पाइप फिटर होते. जन्मभर लोकांच्या घरात गरम पाण्याचे पाइप घातले आणि स्वतःच्या घराकडे सगळ्यात शेवटी वळले, पण काम असं केलं की अजून एकही जोड गळलेला नाही. तळघरात बॉयलर आहे. तिथून पाणी तापून वर चढतं, तिन्ही मजल्यांवरच्या लोखंडी रेडिएटरांमधून फिरतं, खोल्या उबवतं आणि गार होऊन परत खाली उतरतं. आमच्याकडे थंडी अशी पडते की हे नसेल तर खिडकीत ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यावर सकाळी बर्फाची साय धरलेली असते.

हे पाइप तीन ठिकाणी खालपासून वरपर्यंत सरळ गेलेत. एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीघरात. त्यांच्यावर काही आपटलं की तिन्ही मजल्यांवर वाजतं, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. बाहेरच्याचा जाड, स्वयंपाकघरातल्याचा किनरा, न्हाणीघरातल्याचा भसाडा. मुलांची लग्नं होऊन ती वरखाली राहायला गेली तेव्हा ह्यांनी ठरवून दिलं. एकदा वाजवलं की चहा झालाय, या. दोनदा वाजवलं की काम आहे, सवडीने या. आणि न थांबता वाजवत राहिलं की हातातलं टाकून धावत या. घरात फोन होते, पण ह्यांचा फोनवर विश्वास नव्हता. म्हणायचे, फोनची बॅटरी संपते, लोखंडाची संपत नाही. हे गेल्यावरही मी तेच चालू ठेवलं. सकाळी चमच्याने एकदा टण् केलं की जिन्यात पावलं वाजायची, आणि दोघे भाऊ माझ्या टेबलाशी कोपराला कोपर लावून चहा प्यायचे.

मग या हिवाळ्यात त्यांचं भांडण झालं. कशावरून, तर उबेवरून.

खालचा मजला बॉयलरला जवळ. थोरल्याने आपले सगळे व्हॉल्व्ह मोकळे सोडले आणि घरात बनियनवर हिंडायला लागला. वर पोचेपर्यंत पाणी कोमट. वरची दोघं स्वेटरवर स्वेटर चढवून बसायची, आणि धाकटा तर गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून पोरांच्या वह्या तपासायचा. तोंडाने सांगायला काय हरकत होती? नाही. थोरला गॅरेजात गेलेला बघून हा खाली उतरला आणि त्याच्या घरातले व्हॉल्व्ह आवळून आला. संध्याकाळी थोरला आला तर घर गारठलेलं. मग जिन्यात जे काही झालं ते पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेलं असेल. थोरला म्हणाला, "तुझ्या बापाचा बॉयलर आहे का?" धाकटा म्हणाला, "हो, माझ्याच बापाचा आहे." आणि ते खरंच होतं, त्यामुळे त्यावर थोरल्याला काही बोलता येईना, म्हणून तो आणखी चिडला.

त्या दिवसापासून दोघांत विस्तव जाईना. मी समजावलं, शिव्या घातल्या, जेवले नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभ जळायलाच तयार नव्हता. बर्फ पडला की दारासमोरच्या पायऱ्या साफ कराव्या लागतात. पूर्वी जो आधी उठेल तो करायचा. आता थोरला सकाळी फावडं घेऊन बाहेर पडायचा आणि पायऱ्यांची डावी बाजू साफ करून जायचा. उजवी धाकट्याची. तो शाळेला उशीर झाला की तशीच टाकून जायचा. मग आमच्या पायऱ्या अर्ध्या कोरड्या आणि अर्ध्या बर्फाने भरलेल्या, वरपासून खालपर्यंत, मधे फूटपट्टीने रेघ मारावी तशी कड. पोस्टमन मला म्हणाला, "काकू, हे काय आहे?" मी म्हटलं, "माझे संस्कार आहेत." तो बिचारा हसावं की नाही अशा तोंडाने पत्रं देऊन गेला.

आणि मग पाइपावर आले. थोरला एकटा आला, म्हणाला, "आई, तू चहाला वाजवतेस, मी वर यायला निघतो, तर जिन्यात तो. मला त्याचं तोंड बघायचं नाही. कुणाला बोलावतेस ते कळू दे." तासाभराने धाकटा आला आणि त्याने शब्दाला शब्द तेच म्हटलं. भांडणारे असले तरी एकाच पोटचे ना. शेवटी ठरलं की बाहेरच्या खोलीतला पाइप वाजवला तर थोरल्याने यायचं, स्वयंपाकघरातला वाजवला तर धाकट्याने. मी म्हटलं, करा काय करायचं ते. सकाळी दोन वेळा चहा टाकायला लागले, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. न्हाणीघराचा पाइप कुणाच्याच वाट्याला आला नाही. न्हाणीघरातून कोण कुणाला चहाला बोलावतंय?

तो रविवार होता. म्हणजे दोघेही घरात होते, हे लक्षात ठेवा. धाकटी तेवढी तिच्या दुकानात कामावर गेली होती.

आंघोळ करून निघताना माझा पाय सटकला. एका हातावर आपटले आणि मनगटात काहीतरी कडकन् मोडलं ते मी स्वतः ऐकलं. कंबरेतून अशी कळ गेली की ओरडायलासुद्धा श्वास पुरेना. अंगावर नुसता टॉवेल. आमच्या न्हाणीघराची खिडकी जरा ढिली आहे, तिच्या फटीतून वारा येतो, आणि फरशी तर अशी की अनवाणी पाय ठेववत नाही. त्या फरशीवर मी ओल्या अंगाने पडलेले. फोन स्वयंपाकघरात. हाक मारायचा प्रयत्न केला तर घशातून नुसती हवा.

बेसिनखाली ह्यांचा जुना पाना ठेवलेला असतो, नळ ठिबकायला लागला की लागतो म्हणून. तो मी धड असलेल्या हाताने ओढला आणि पाइपावर मारायला लागले. न थांबता. न थांबता वाजवलं की हातातलं टाकून धावत यायचं, हे या घरात लहान मूलसुद्धा सांगेल. वाजवत राहिले. खालून थोरल्याच्या रेडिओचा आवाज येत होता, तो मला ऐकू येत होता. वर धाकट्याने खुर्ची सरकवली, तेही मला ऐकू आलं. मी वाजवत होते. हात दुखला की थांबायचे, मग पुन्हा वाजवायचे. मधेच खालचा रेडिओ मोठा झाला. किती वेळ गेला ते मला नका विचारू. अंगाखालची फरशी ऊन लागायला लागली तेवढा वेळ. म्हणजे माझ्यातली ऊब सगळी तिने घेतली होती.

शेवटी दाराला किल्ली लागली आणि थोरली आत आली. माझी मोठी सून. आमचं दोघींचं लग्नापासून कधी पटलेलं नाही, ती मला पाण्यात पाहते आणि मी तिला. त्या दिवशी तिची अर्धशिशी उठली होती, डोक्याला स्कार्फ आवळून बांधला होता, आणि ती भांडायला आली होती. बाहेरच्या खोलीतूनच बोलत आली, "अहो आई, काय चाललंय सकाळपासून हे, इथे माझं डोकं फुटायची वेळ आली." मग न्हाणीघराच्या दारात आली आणि मला फरशीवर बघितलं. डोक्याचा स्कार्फ सोडला, माझ्या अंगावर टाकला, खाली बसली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. तेव्हासुद्धा म्हणालीच, "रबरी पायपुसणं घ्या म्हणून किती वेळा सांगितलं होतं."

मला वाचवलं ते कुणाच्या मायेने नाही. थोरलीच्या रागाने वाचवलं. रागावलेलं माणूस निदान जिना चढून दार तरी उघडतं. तेव्हापासून मला तिचा राग बराच सोसतो.

इस्पितळात मनगटाला प्लास्टर घातलं, कंबरेचं हाड शाबूत निघालं. दोघे लेक आले, खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिले. मी एवढंच विचारलं, "ऐकू नाही आलं?" थोरल्याने कानावर हात ठेवले. "नाही गं आई. रेडिओ चालू होता." धाकटा म्हणाला, "मी वह्यांत होतो. काहीच आलं नाही बघ कानावर." मी थोरलीकडे बघितलं. ती नवऱ्याकडे बघत होती. "मला अर्धशिशी असली की मुंगी चालली तरी ऐकू येतं," ती म्हणाली आणि माझ्या पांघरुणाची टोकं सारखी करायला लागली.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी दोघे माझ्या खोलीत आले. बरोबर यायचं नसल्यामुळे एक आधी आला आणि दुसरा थोड्या वेळाने, जसे काही योगायोगाने भेटले. थोरला खिडकीशी, धाकटा दाराशी, मधे खुर्चीत मी, प्लास्टरचा हात उशीवर. थोरली स्वयंपाकघरात माझ्यासाठी पेज ढवळत होती. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा या दोघांचं एकमत झालं होतं. कशावर, तर मला माझ्या घरातून काढण्यावर.

"आई, तुला आता एकटीला ठेवणं बरोबर नाही," थोरला म्हणाला. "एक महिना खाली, एक महिना वर. त्याला सांग, पहिला महिना माझ्याकडे."

धाकटा माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, त्याला सांग, वर ऊन येतं. थंडी संपेपर्यंत वरच बरं."

"मी कुणाला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तुमची तोंडं शिवली आहेत का? आणि माझ्या घराचं काय करणार?"

तेही ठरलेलं होतं. मधला मजला बंद करायचा, पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यातलं पाणी काढून टाकायचं आणि वरच्या मजल्यासाठी बाहेरून वेगळा पाइप न्यायचा. भावाशी बोलायचं नाही, पण हे सगळं कसं कुणास ठाऊक दोघांच्याही डोक्यात नीट बसलेलं होतं. मला लख्ख कळलं. मधे अख्खा मजला रिकामा पडला की एकाला दुसऱ्याचा पायरवसुद्धा नको. मला सांभाळायच्या नावाखाली या दोघांना मधे एक भिंत हवी होती, आणि ती भिंत माझं घर होणार होतं.

माझं घर म्हणजे काय मोठा महाल नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ते न्हाणीघर. पण पहाटे डोळा उघडला की मी माझ्या मनाने दिवा लावते. रेडिओवर मला हवं ते लावते. चहात हवी तेवढी साखर घालते आणि कुणी डोळे वटारत नाही. भिंतीवरच्या पाइपावर ह्यांनी जोड आवळताना पान्याचा ओरखडा उमटवला होता, तो मला रोज दिसतो. दोन घरचा पाहुणा उपाशी मरतो, हे मी लोकांच्या आयांचं बघितलंय. महिना संपायच्या आदल्या दिवसापासून खालची सून बोचकं बांधायला घेणार आणि वरची म्हणणार, आज तारीख कुठली आहे? मी काय गॅसचा सिलिंडर आहे, भरला की खाली आणि संपला की वर?

"मी इथेच राहणार," मी म्हटलं.

"आई, हट्ट करू नकोस," थोरला म्हणाला. "परत पडलीस तर? आवाज खाली येत नाही. आम्हाला कळणार कसं?"

"फोन गळ्यात अडकवते."

"बॅटरी संपली तर?"

बापाचंच वाक्य माझ्यावर फेकलं. माझं रक्त असं उसळलं की मोडक्या मनगटात ठणका लागला.

धाकट्याने री ओढली. "वरही येत नाही आई. खरंच. आवाज येत असता तर गोष्ट वेगळी होती. मग आम्हीच म्हटलं असतं, राहा."

हा त्यांचा हुकमाचा एक्का. ऐकू आलं नाही, एवढं एक धरून बसले की त्यांची लाजही झाकली जात होती आणि माझं घरही जात होतं. त्यांची अब्रू वाचवायला माझं दार बंद. आणि मी काय म्हणणार? दोन्ही लेकांना तोंडावर खोटारडे म्हणायचं तर हातात काहीतरी लागतं. माझ्या हातात प्लास्टर होतं.

मी जरा वेळ गप्प बसले. मला आवाज चढवायची सवय आहे, त्यामुळे मी गप्प बसले की या घरात सगळे सावध होतात. थोरलीसुद्धा पळी घेऊन दाराशी आली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "आवाज येत नसेल तर मी जाते. महिना खाली, महिना वर, तुम्ही म्हणाल तसं. पण एकदा बघू या. थोरली वाजवेल, तुम्ही आपापल्या घरात जाऊन ऐका आणि येऊन सांगा."

थोरला लगेच म्हणाला, "तो खरं सांगेल कशावरून? त्याला तू वर हवीयस, म्हणून वर ऐकू आलं तरी म्हणेल नाही आलं."

"आणि तो?" धाकटा उसळला. "तो माझ्यावर ढकलायला काहीही सांगेल."

"मग अदलाबदल करा," मी म्हटलं. "थोरल्या, तू वर धाकट्याच्या घरात जाऊन बस. धाकट्या, तू खाली. म्हणजे कुणाला आपल्या घराबद्दल लबाडी करता येणार नाही."

दोघांचे डोळे कसे चमकले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही संधी कोण सोडतो. दुसऱ्याच्या घरात जाऊन दुसऱ्याचं खोटं पकडायचं, यापलीकडे त्यांचा विचार गेलाच नाही. गणिताचा मास्तर, पण एवढं गणित त्याला सुटलं नाही. भांडण झाल्यापासून एकाने दुसऱ्याचा उंबरा ओलांडला नव्हता, ते दोघे उठले आणि जिन्यात एकमेकांना वाट देऊन एक वर गेला, एक खाली.

थोरली न्हाणीघरात गेली. पाना उचलला. "कसं वाजवू?" तिने विचारलं.

"त्या दिवशी मी वाजवत होते तसं. जोर लावू नकोस. पडलेल्या म्हातारीच्या हातात जोर नसतो."

तिने वाजवायला सुरुवात केली. हळू, एकसारखं, मधे थोडं थांबून, मग पुन्हा. मी खुर्चीत बसून ऐकत होते. अगदी तसंच वाजवत होती. कुठे थांबायचं, परत सुरू करताना पहिला ठोका कसा कच्चा पडतो, सगळं तिला बरोबर माहीत होतं. मी तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. ती खालच्या मजल्यावरून ऐकूनच शिकली होती, आणि ती ऐकत असताना तिच्या शेजारी कोण बसलं होतं हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. मी तिला "पुरे" म्हटलं तेव्हा तिने पाना खाली ठेवला आणि पदराने डोळे नाही, हात पुसले.

आधी थोरला आला, दोन दोन पायऱ्या उतरत. "आई, वर तर स्वयंपाकघरातसुद्धा स्पष्ट ऐकू येतं. आज धाकटी घरी आहे, तिचा मिक्सर चालू होता तरी ऐकू आलं. हा धादांत खोटं बोलतोय."

तोवर धाकटा खालून धापा टाकत पोचला. "आणि हा? याच्या बैठकीत रेडिओ मुद्दाम मोठा करून बसलो मी. त्याच्यावरून ऐकू येतं. झोपलेला माणूस उठून बसेल. न ऐकायचं म्हटलं तर कानात बोळे घालावे लागतील."

"बरं," मी म्हटलं. "म्हणजे दोन्ही घरांत ऐकू येतं."

धाकटा दारातच उभा होता, त्याने हळूच चौकटीला पाठ टेकली. स्वयंपाकघरात पेज उतू जाऊन गॅसवर चरचरली, पण थोरली जागची हलली नाही.

"न्हाणीघराचा पाइप होता," शेवटी थोरला म्हणाला, जमिनीकडे बघत. "मला वाटलं, तू त्याला बोलावतेस."

"मला वाटलं, दादाला बोलावतेयस," धाकटा म्हणाला. भांडण झाल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडून दादा आला. "न्हाणीघराचं आपलं काही ठरलं नव्हतं ना, आई."

ठरलं नव्हतं. मला असा राग आला की हातात पाना असता तर काय केलं असतं देव जाणे. "ठरलं नव्हतं?" मी म्हटलं. "तुम्ही पाळण्यात रडायचात तेव्हा मी विचारत बसायचे का, की हा कुठल्या खोलीतून रडतोय आणि आज पाळी कुणाची? न थांबता वाजत होतं रे. न थांबता म्हणजे काय, हे तुमच्या बापाने तुम्हाला शिकवलं होतं. तू रेडिओ मोठा केलास. मी खाली पडल्या पडल्या ऐकलं तू रेडिओ मोठा केलास ते. आणि तू खुर्ची सरकवलीस. उठला होतास ना? उठून परत बसलास. एकमेकांचं तोंड दिसायला नको म्हणून मला फरशीवर मरू देत होतात."

धाकटा रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या, पोरांना रडवणारा मास्तर. मी त्याला जवळ घेतलं नाही. थोरल्याने पुढे येऊन माझ्या उशीला हात लावला, तोही मी झटकला.

"आवाज येतो हे आता तुम्हीच सांगितलंत," मी म्हटलं. "तेव्हा मी इथेच राहते. मधला मजला बंद होणार नाही. पाइपातलं पाणी काढायचं नाही. आणि आजपासून कुठलाही पाइप वाजला तरी दोघांनी यायचं. तोंडं बघायची नसतील तर डोळे मिटून या."

ते गेले. थोरली पेज घेऊन आली, करपलेली. मीठही कमी होतं. मी मुकाट्याने खाल्ली.

घर राहिलं माझं. जिंकले म्हणायला हरकत नाही. पण खरं सांगते, त्यांना वरखाली पाठवलं तेव्हा माझ्या मनात कुठेतरी होतं की दोघे परत येऊन म्हणतील, आई, खरंच काही ऐकू येत नाही गं. मग मी बोचकं बांधून गेले असते त्यांच्याबरोबर. महिना खाली, महिना वर. घर गेलं असतं, पण लेकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं नव्हतं एवढं तरी माझ्यापाशी राहिलं असतं. ते काही झालं नाही. पेजेची वाटी मी खिडकीत ठेवली आणि बाहेर बघत बसले, बर्फ पडायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीला धरून न्हाणीघरात गेले. स्टूल ओढलं, त्यावर नीट बसले, डाव्या हाताने पाना घेतला आणि पाइप वाजवायला लागले. हळूहळू, न थांबता.

जिन्यात धाडधाड झाली. थोरला खालून बनियनवर आला, वरून धाकटा एका पायात चप्पल घालून, आणि दोघे माझ्या दारातच एकमेकांवर आदळले. मागून थोरली आली, किल्ली हातात धरून. तिघेही न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. थोरल्याची छाती वरखाली होत होती.

"काय झालं, आई?"

"काही नाही," मी म्हटलं. "ऐकू येतं का ते बघत होते."

दोघे तसेच उभे. पायऱ्यांवरचा बर्फ अजून काढायचा होता, एकाला गॅरेज होतं, दुसऱ्याला शाळा होती. पण जा म्हटल्याशिवाय जायची त्यांची हिंमत झाली नाही. चहा झाला होता. थोरलीला दिला.

उद्याही वाजवणार आहे. परवाही. कधी वाजवीन ते सांगणार नाही.